गुळाच्या खोक्यासाठी स्टेन्सिल अक्षरे : कामाच्या नोंदी

२ ऑगस्ट

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळाचे काम आज नक्की झाले. गुऱ्हाळाचे मालक, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, त्यांच्या मागण्या तीन आहेत : एक-एक किलोच्या दहा ढेपा मावतील अशा खोक्यावरची अक्षरे, तीस किलोच्या रव्याला (गुळाच्या मोठ्या ढेपेला) गुंडाळलेल्या बारदानावरचा मार्का आणि रस्त्यालगत लावायची पाटी. तिन्ही ठिकाणी अक्षरांचे वळण एकच दिसले पाहिजे आणि खोकी व बारदाने गुऱ्हाळावरच्या माणसांनाच रंगवता आली पाहिजेत, अशी त्यांची अट आहे. मुदत दिवाळी पाडव्याची, कारण मुहूर्ताच्या सौद्याला माल नव्या मार्क्याने गेला पाहिजे.

हे स्क्रीन प्रिंटिंगने का करू नये, असे मी विचारून पाहिले. त्यात अक्षरे अखंड छापली जातात आणि माझी निम्मी कामे वाचतात. परंतु दर हप्त्याला खोक्याचे माप बदलते, एका वेळी शंभर-दीडशेच खोकी लागतात आणि कोरी खोकी शहरात नेऊन छापून परत आणण्यात भाडे वाया जाते. चुलवण (रस उकळायची भट्टी) पेटलेले असताना रिकाम्या हातांनी करता येईल असे काम हवे आहे. साचा, फोम आणि रंगाचा डबा एवढ्यावर ते भागते, म्हणून स्टेन्सिलच.

५ ऑगस्ट

शाहूपुरीत गेले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या या पेठेत गुळाचा व्यापार वाढला, आणि येथील जुन्या पेढ्यांत मार्क्याचे पत्रे अजून खिळ्याला टांगलेले आढळतात. एका पेढीवर तीन पत्रे हातात घेऊन पाहायला मिळाले. ते डब्याच्या पत्र्यातून छिन्नीने कापलेले होते आणि त्यांच्यावर रंगाचे इतके थर साचले होते की कडा बोटाला गोल लागत होत्या. दोन पत्र्यांवर व्यापाऱ्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे होती. तिसऱ्यावर मराठी अक्षरे होती, मात्र त्या कारागिराने शिरोरेखा कापलीच नव्हती. अक्षरे रेषेविना, सुटी ठेवली होती.

तो पत्रा पाहिल्यावर पुढच्या कामातली खरी अडचण कोठे असणार, याचा अंदाज आला. इंग्रजीत बेटे, म्हणजे चारी बाजूंनी कापले जाऊन सुटे पडणारे आतले तुकडे, फक्त ए, बी, डी, ओ, पी, क्यू, आर या मोठ्या अक्षरांच्या पोटात असतात. देवनागरीत अक्षराचे पोट तर आहेच, शिवाय सगळ्या शब्दावरून जाणारी एक आडवी रेघ आहे, आणि तिचे काय करायचे हे आधी ठरवल्याशिवाय फाँट निवडण्यात अर्थ नाही. जुन्या कारागिराचा उपाय मला पटला, पण खोक्यावर तो चालणार नाही, कारण शिरोरेखेविना लिहिलेला ‘गूळ’ आज ग्राहकाला अपुरा छापल्यासारखा वाटेल.

९ ऑगस्ट

फाँटांची पाहणी. मराठी जोडाक्षरे पूर्ण असलेला आणि खुल्या परवान्याचा तयार स्टेन्सिल फाँट मला वापरण्याजोगा मिळाला नाही, म्हणून साधा फाँट घेऊन त्यात स्वतः पूल काढायचे, असे ठरवले. अक्षराच्या पोटातला तुकडा बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीला लेझरवाले ‘ब्रिज’ म्हणतात. या नोंदींत मी तिला पूल म्हणते आणि त्या तुकड्याला बेट.

पाहिलेल्या फाँटांबद्दल माझे मत असे झाले. ‘मोदक’ हा ‘एक टाईप’ या मुंबईच्या संस्थेचा फाँट गुळाला नावानेच शोभतो आणि आबांनाही तो पहिल्या नजरेत आवडला. परंतु त्याची अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की पोटाच्या जागी केवळ एक फट उरते, आणि ती फट साच्यात दोऱ्याएवढ्या पट्टीवर लोंबत राहील. हा फाँट छपाईसाठीच योग्य आहे. ‘रोझा वन’मध्ये जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ फार बारीक आहे; बारीक रेघेच्या खाचेत रंग शिरत नाही, शिरलाच तर पसरतो. ‘यात्रा वन’ हा रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला फाँट मला स्वतःला फार प्रिय आहे, पण त्याच्या तिरक्या टोकांमुळे पुलाची कड कोठे सरळ ठेवावी आणि कोठे तिरपी, हा प्रश्न प्रत्येक अक्षराला नव्याने सोडवावा लागतो. ‘तेको’ चौकोनी आणि अरुंद आहे, पत्र्याला उत्तम. मात्र खोक्यावर तो क्रीडा स्पर्धेच्या फलकासारखा दिसू लागला.

शेवटी ‘मुक्ता’वर थांबले. हाही ‘एक टाईप’चाच आहे आणि त्यात सात वजने, म्हणजे रेघेच्या जाडीच्या सात पायऱ्या आहेत. रेघेची जाडी जवळजवळ सारखी, पोटे मोकळी आणि काना सरळ, एवढेच मला हवे होते. सात वजनांतील सर्वांत जाड वजन न घेता त्याच्या खालचे घेतले, कारण जाडी जितकी वाढते तितके बेट लहान होते आणि पूल त्या मानाने मोठा दिसतो. परवाना ओपन फाँट लायसन्स हा आहे. व्यावसायिक पॅकिंगला त्याची हरकत नाही आणि अक्षरांत बदल करण्यासही परवानगी आहे. केवळ फाँटच वेगळा विकता येत नाही.

ल आणि श यांची वळणे आधी तपासली. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी या दोन अक्षरांची जी रूपे दिली आहेत ती हिंदी वळणाहून वेगळी आहेत, आणि ‘कोल्हापुरी’त अर्धा ल येतोच. संगणकावर मजकुराची भाषा मराठी निवडून पाहावी आणि तरीही हिंदी वळण दिसले तर ल हाताने काढावा. मी तो हातानेच काढला.

१४ ऑगस्ट

आजचा दिवस केवळ पूल कोठे काढायचे यात गेला, आणि ही नोंद लांबणार आहे.

खोक्यावरचा मजकूर असा ठरला : पहिल्या ओळीत ‘कोल्हापुरी’, दुसऱ्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘गूळ’ आणि खाली लहान अक्षरांत ‘घरच्या गुऱ्हाळाचा’. आबांना ‘सेंद्रिय’ हा शब्दही हवा होता. सेंद्रिय मालाचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नाही आणि त्याविना तो शब्द खोक्यावर लिहिता येत नाही, हे त्यांना समजावले. मनातून मला थोडे हायसेही वाटले, कारण मात्रेवरचा अनुस्वार आणि खाली ‘द्रि’ ही जोडी साच्यात कापणे म्हणजे जाळी विणणे आहे. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे; आबांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेली आहे, तिचा कागद मी पाहिला आणि मगच नाव पक्के केले. वजन, तारीख, किंमत आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक हा मजकूर स्टेन्सिलने रंगवायचा नाही. त्याचे छापील लेबल वेगळे लागेल. इतके बारीक अंक फोमने नीट उठत नाहीत आणि तेथे अस्पष्टपणा चालत नाही.

आता अक्षरे. शब्द वेल्ड करून, म्हणजे अक्षरांच्या एकमेकांवर चढलेल्या बाह्यरेषा एक करून, आतली बेटे मोजली. ‘गूळ’मध्ये ग ला बेट नाही, कारण त्याची डावी रेघ खाली मोकळी सुटते, ळ ला मात्र दोन आहेत. क च्या डाव्या पोटात एक, प मध्ये एक, च मध्ये एक आणि घ मध्ये एक. ‘री’च्या दुसऱ्या वेलांटीचे टोक शिरोरेखेला टेकते त्या ठिकाणी आणखी एक तयार होते, ते टोक मी दोन मिलिमीटर वर उचलले, त्यामुळे पुलाची गरजच उरली नाही.

इंग्रजी स्टेन्सिल फाँटांत पुलाची एक ठरलेली पद्धत आढळते : अक्षराच्या मधोमध उभी फट पाडतात, म्हणजे ओ चे दोन कंस होतात. ओळीतल्या सर्व अक्षरांना ती फट एकाच रेषेत आली की अक्षरे एका कुटुंबातली दिसतात. मी आधी हीच पद्धत मराठीला लावली. उभी फट वर नेली की ती शिरोरेखा तोडते, आणि शिरोरेखा अक्षराच्या मधोमध तुटली की देवनागरीत अक्षरच बदलते. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्यांत डोळा जो फरक ओळखतो तो बहुतांशी शिरोरेखा अखंड आहे की तुटलेली, यावरूनच. म्हणजे इंग्रजीत जी फट सजावट ठरते, तीच मराठीत शुद्धलेखनाची चूक ठरते.

म्हणून नियम उलटा केला. बेटाचा पूल अक्षराच्या डोक्यावर न काढता पायथ्याशी, पोटाची रेघ दांड्याला जेथे मिळते तेथे काढायचा. प, च, घ आणि क या चारही अक्षरांत अशी जागा मिळते, आणि चारही पूल दांड्याच्या डाव्या अंगाला जवळजवळ एकाच उंचीवर येत असल्याने ओळीला आपोआप एक शिस्त येते. ळ ला दांडा नाही. त्याच्या दोन पोटांच्या मध्ये खाली जी खाच असते तेथून दोन्ही पोटांत एकेक तिरपा पूल नेला आहे. बाहेरची गोलाई त्यामुळे अखंड राहते.

एवढ्याने बेटे सुटली, पण शिरोरेखा सुटली नाही. ‘कोल्हापुरी’ची शिरोरेखा २४० मिलिमीटर लांब आहे. ती सलग कापली तर साच्यात एक लांबलचक खाच पडते, आणि दोन अक्षरांच्या मधला पत्रा फक्त खालून जोडलेला उरतो. ही जीभ रंगाच्या ओलाव्याने वर उचलते आणि तिच्याखाली रंग शिरतो. कंगव्याचे दात वाकावेत तसे होते. तेव्हा शिरोरेखेवरही पूल हवेत, परंतु ते अक्षराच्या आत न घेता दोन अक्षरांच्या मध्ये, आधीच्या अक्षराचा दांडा संपल्यावर लगेच. तेथे तुटलेली रेघ घ चा ध करत नाही, कारण प्रत्येक अक्षराला स्वतःच्या डोक्यावरची रेघ पूर्ण मिळते. फटीची रुंदी रेघेच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी धरली आहे : खोक्यावर रेघ नऊ मिलिमीटर, पूल अडीच. याहून रुंद फट शब्द तोडते आणि ‘कोल्हा पुरी’ असे वाचले जाते, जे गुळाच्या खोक्यावर खाद्यपदार्थाचेच नाव असले तरी वेगळ्या पदार्थाचे आहे.

२१ ऑगस्ट

शिवाजी उद्यमनगरात लेझरवाल्याकडे गेले. जाण्यापूर्वी फाईल कर्व्हजमध्ये बदलली होती, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केल्या होत्या. पूर्वी एकदा तसे न केल्याने दुसऱ्याच्या संगणकावर माझा मजकूर रोमन अक्षरांच्या कचऱ्यात बदलला होता आणि तो तसाच कापला गेला होता. या वेळी दुसरीच चूक झाली. देवनागरी फाँटांत प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही, पण लेझर प्रत्येक बाह्यरेषा कापतो आणि चढलेल्या जागी दोन आडव्या चिरा पडतात. ‘घरच्या गुऱ्हाळाचा’ ही ओळ वेल्ड करायची राहून गेली होती. कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’ किंवा इंकस्केपमध्ये ‘युनियन’ करावे आणि नंतर फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात संपूर्ण मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा. ऱ्ह च्या आडव्या र पाशी हमखास एखादी रेघ उरलेली असते.

मी सोबत पीव्हीसीची शीट नेली होती. ती कापायला त्यांनी नकार दिला, आणि तो रास्तच होता : पीव्हीसी लेझरवर जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो माणसालाही घातक आणि यंत्रालाही. म्हणून पॉलिस्टर फिल्म घेतली. १२५ मायक्रॉनची फिल्म ळ च्या पुलांपाशी लवचीक वाटली, २५० ची खोक्याच्या वाकलेल्या बाजूवर नीट बसेना. मधली १९० ची ठेवली. लेझरचा झोत स्वतःच दोन-तीन दशांश मिलिमीटर जागा खातो, म्हणून पूल फाईलमध्ये अडीचऐवजी पावणेतीनचे केले.

२६ ऑगस्ट

गुऱ्हाळावर पहिली चाचणी. साचा मीच घाईने, १४ तारखेच्या आधीच्या फाईलवरून कापून घेतला होता, हे खोके रंगवल्यावर लक्षात आले. खाली ठसठशीत अक्षरांत ‘धरच्या गुऱ्हाळाचा’ असे उमटले. वर ळ चे दोन्ही पूल बाहेरच्या बाजूने आडवे गेलेले, त्यामुळे त्याची पोटे उघडी पडली होती. आबांनी खोके लांब धरून पाहिले आणि म्हणाले, “ताई, ह्यो गूळ न्हवं, गूढ हाय.”

चूक माझी आणि लाजिरवाणी, पण तिचा एक उपयोग झाला. चुकीचे आणि दुरुस्त अशी दोन्ही खोकी मी बारा पावलांवर ठेवली आणि गुऱ्हाळावरच्या सात जणांना एकेकटे बोलावून वाचायला सांगितले. चुकीच्या खोक्यावरच्या खालच्या ओळीतला पहिला शब्द पाच जणांनी ‘धरच्या’ वाचला. दोघांनी ‘घरच्या’ वाचला आणि विचारल्यावर ‘तेच असणार’ असे सांगितले. दुरुस्त खोक्यापाशी कोणीही अडखळले नाही. आता फाईलच्या नावात तारीख घालते आहे आणि जुनी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते आहे.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीमुळे आठवडाभर काम बंद होते. आज फक्त रंगाची खरेदी.

८ सप्टेंबर

रंगाच्या चाचण्या. यासाठी मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त बोर्ड पेंटरांना विनंती करून सोबत नेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी उमेदीच्या काळात दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके आणि तालमींचे फलक रंगवले आहेत. बाबूराव पेंटरांच्या या गावात अक्षर रंगवणाऱ्याला अजून आदराने विचारले जाते, हे आबांच्या वागण्यातही दिसले : त्यांनी मामांना आधी काकवी दिली आणि मग मला.

ऑइल पेंट खोक्याच्या तपकिरी कागदात तेल सोडतो आणि अक्षराभोवती पिवळसर वलय उमटते. स्प्रे कॅन जलद आहे, मात्र मोकळ्या शेडमध्ये वारा असतो आणि फवारा साच्याच्या खाली शिरतो. पाण्यातला ॲक्रिलिक रंग फोमने टिपून लावणे सर्वांत बरे ठरले. फोम रंगात बुडवल्यावर जाड कागदावर दोन-तीनदा टिपायचा आणि जवळजवळ कोरडा झाल्यावर साच्यावर आणायचा. ओढायचा नाही, उभा आपटायचा. आडवा ओढला की पुलाच्या एका बाजूला रंग साचतो आणि पूल बुजतो. मामांनी गुऱ्हाळावरच्या मुलाला हे एका वाक्यात सांगितले : “रंग डब्यात ऱ्हाऊ दे, फोमला नुसता वास लागू दे.”

खोक्याला वर्तुळाकार घासणेही चालत नाही. कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरामुळे वरचा कागद किंचित उंचसखल असतो, आणि जोर दिला की अक्षरात उभे पट्टे उमटतात. त्यामुळे खोके घडी केलेल्या अवस्थेत, सपाट फळीवर ठेवून रंगवायचे आणि रंग पुरता वाळल्याशिवाय गूळ भरायचा नाही. या पावसाळी हवेत वाळायला पाऊण तास लागला. ऑक्टोबरात निम्म्या वेळेत काम व्हावे. आत बटर पेपर असतोच, तरी रंगाचा हात गुळाला लागू नये म्हणून रंगवण्याची जागा गुळाच्या साच्यांच्या आणि वाफ्यांच्या (पाक निवण्याच्या हौदांच्या) शेडपासून लांब ठरवली.

बारदानाचे गणित वेगळे निघाले. तागाच्या विणीत अडीच मिलिमीटरचा पूल दिसतच नाही, कारण धाग्यांमधून रंग पसरून तो गिळून टाकतो. तेथे अक्षराची उंची १२० मिलिमीटर, रेघ बावीस आणि पूल आठ घेतला. ‘घरच्या गुऱ्हाळाचा’ ही ओळ बारदानावरून काढून टाकली. ऱ्ह आणि च्या त्या विणीत तगत नाहीत. साचाही फिल्मचा न ठेवता अर्ध्या मिलिमीटरच्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा केला, कारण बारदानाला रंग ब्रशने ठोकून भरावा लागतो.

मामांनी आणखी एक जुनी युक्ती दाखवली. एकाच अक्षरासाठी दोन साचे करायचे. दुसऱ्यात फक्त पहिल्याचे पूल उघडे ठेवायचे. कोपऱ्यात दोन भोके जुळवून दुसरा ठसा घेतला की पूल भरून निघतात आणि अक्षर अखंड दिसते. चार खोक्यांवर करून पाहिले. दिसायला सुरेख, पण वेळ दुप्पट लागतो, आणि जुळणीत एक मिलिमीटर सरकले तरी अक्षराला अंगठ्या घातल्यासारखे दिसते. शिवाय पूल दिसणे हेच या वळणाचे वैशिष्ट्य आहे. ते झाकायचे तर स्टेन्सिल कशासाठी? आबांचे मत असे पडले की दिवाळीच्या भेटीसाठी जे लहान डबे जातात तेवढ्यांवर दोन साचे वापरावेत. ते मान्य केले.

१५ सप्टेंबर

इंग्रजी ओळ. माल परराज्यांतही जातो, म्हणून खोक्याच्या दुसऱ्या बाजूला ‘कोल्हापुरी जॅगरी’ इंग्रजीत हवे आहे. येथे तयार स्टेन्सिल फाँटांची चणचण नाही. सर्वांच्या डोळ्यांसमोर जे वळण येते ते १९३७ मध्ये जेरी पॉवेल यांनी अमेरिकन टाईप फाउंडर्ससाठी केलेल्या ‘स्टेन्सिल’ नावाच्या टाइपाचे. त्यात केवळ मोठी अक्षरे आहेत. लष्करी पेट्या, दारूगोळा, चित्रपटांतील तळघरे या सगळ्यांवर ते इतके वापरले गेले आहे की गुळाच्या खोक्यावर त्याने भलताच इशारा मिळेल. ‘ॲलर्टा स्टेन्सिल’ आणि ‘सायरा स्टेन्सिल वन’ हे दोन खुल्या परवान्याचे फाँट लावून पाहिले. पहिला निवडला, कारण त्याच्या रेघा मुक्ताशी जुळतात. मात्र त्याच्या फटी माझ्या पुलांपेक्षा अरुंद होत्या; दोन्ही बाजू एकाच घरच्या दिसाव्यात म्हणून त्या रुंदावून मराठीएवढ्या केल्या. मराठीला इंग्रजीच्या मापात बसवण्याचा प्रकार नेहमी पाहतो, एखादे वेळी उलट झाले तर बिघडले कोठे?

२२ सप्टेंबर

पाटी. आठ फूट बाय तीन फूट, १६ गेजचा म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, त्यात अक्षरे आरपार कापलेली आणि मागून दिवा. दुकाने व आस्थापनांच्या नामफलकांवर मराठी नाव देवनागरीत असावे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी २०२२ पासून राज्यात तरतूद आहे. आबांना इंग्रजी मुळीच नको असल्याने तो प्रश्न उद्भवला नाही.

अक्षराची उंची ठरवताना पाटीवाल्यांचा नेहमीचा आडाखा धरला, की दहा फुटांमागे एक इंच. रस्त्याच्या वळणापासून गुऱ्हाळ शंभर फुटांवर आहे, म्हणून दहा इंच. पण हा आडाखा इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. मराठीत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजावी. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात धरले तर मूळ अक्षर सहा-साडेसहा इंचांवर येते आणि पाटी लांबून पुटपुटल्यासारखी होते. वेलांटी व उकार यांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडल्यावर तीन फुटांत एकच ओळ मावली : ‘कोल्हापुरी गूळ’. खाली ‘गुऱ्हाळ’ लिहिण्याची इच्छा सोडून दिली.

पत्र्याच्या पाटीत पुलाचे काम साच्यातल्यापेक्षा जास्त जबाबदारीचे आहे, कारण येथे बेट वर्षानुवर्षे वाऱ्यात उभे राहणार. अक्षराची रेघ ५० मिलिमीटर आहे, पूल १५ चे घेतले. ळ च्या बेटांना एकेका पुलावर सोडायचे धाडस झाले नाही. हाताने हलवले तर ते पानासारखे थरथरत होते. मागून दुधी ॲक्रिलिकची शीट लावणारच आहोत, तेव्हा बेटे तिला दुपदरी टेपने व एकेका रिव्हेटने धरली. पूल मात्र काढून टाकले नाहीत. रंग पावडर कोटिंगचा, गडद तपकिरी. मागचा दिवा पिवळसर घेतला, पांढऱ्या दिव्यात पाटी औषधाच्या दुकानासारखी दिसत होती.

२ ऑक्टोबर

दसऱ्याला पाटी चढवली. संध्याकाळी दिवा लावल्यावर एक गोष्ट दिसली, जी दिवसा दिसत नव्हती : उजेडात फटी अरुंद भासतात, कारण दोन्ही बाजूंचा प्रकाश पुलावर सांडतो. दिवसा पंधरा मिलिमीटरचा पूल थोडा रुंद वाटत होता, रात्री तोच बेताचा वाटला. बारा मिलिमीटरचा घेतला असता तर रात्री शिरोरेखा अखंड दिसली असती. म्हणजे उजेडाच्या पाटीला पूल जरा रुंदच ठेवावा.

मामा वळणापर्यंत चालत गेले आणि तेथून त्यांनी हात वर केला. परत आल्यावर म्हणाले की उकाराच्या शेपटीखाली अजून एक बोट जागा हवी होती. त्यांचे बरोबर आहे. ‘पु’चा पहिला उकार पत्र्याच्या खालच्या कडेच्या फार जवळ आला आहे.

९ ऑक्टोबर

साचे सुपूर्द केले : खोक्याचे फिल्मचे सहा, बारदानाचे पत्र्याचे दोन, डब्यांचे जोडीचे दोन संच. प्रत्येकावर कोपऱ्यात मार्करने तारीख आणि ‘वरची बाजू’ लिहिले आहे. फिल्मचा एक साचा मी घरी शेवटपर्यंत वापरून पाहिला. एकशे ऐंशी ठशांनंतर ळ चा डावा पूल मुडपला आणि इतर सर्व पूल शाबूत होते. म्हणून ळ चे दोन्ही पूल मागून पारदर्शक टेपच्या पट्टीने जाड करून दिले आहेत, आणि दीडशे खोक्यांनंतर साचा बदलावा असे सांगितले आहे. धुताना गरम पाणी वापरू नये, फिल्म वाकते. रंग ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसावी.

गुऱ्हाळावरच्या मुलाने माझ्यासमोर वीस खोकी रंगवली. सतराव्या खोक्यावर त्याने साचा उलटा ठेवला आणि ‘गूळ’ आरशातला उमटला. ते खोके आबांनी फेकू दिले नाही. त्यात आता फोम, रंगाचे डबे आणि टेप ठेवले आहे, आणि आडभिंतीच्या खिळ्याला साचे टांगले आहेत.

राहिलेले काम : पाटीच्या ‘पु’खाली पत्र्याची एक इंच पट्टी जोडणे, पाडव्याच्या आधी.